पीटरबरोची राणी

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ती एका वाक्यात येऊन गेली होती. धर्मसुधारणेच्या प्रकरणात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला पहिल्या बायकोपासून घटस्फोट हवा होता, पोपने तो दिला नाही, म्हणून हेन्रीने रोमशी संबंध तोडले, एवढेच. त्या पहिल्या बायकोचे नावही वाक्यात नव्हते. परीक्षेत दोन गुणांचे कारण द्या विचारले की आपण सगळे ते वाक्य जसेच्या तसे उतरवून द्यायचो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने जेव्हा 'काहीही लिही, पण लिही' असा हुकूम सोडला, तेव्हा मी ठरवले की त्या निनावी बाईबद्दल लिहायचे. सेवानिवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि त्या वाचनात ती मला पुन्हा भेटली.

एक खुलासा आधीच करते, कारण आपल्यातले निम्मे मुंबईकर आहेत. मुंबई बेट जिच्या लग्नात इंग्रजांना आंदण मिळाले ती कॅथरीन वेगळी. ती पोर्तुगालची, आणि तो करार 1661 मधला. मी सांगते आहे ती तिच्या दीडशे वर्षे आधीची, स्पेनमधली. हिच्या हुंड्यात बेट नव्हते, रोकड होती आणि त्या रोकडीने तिचे फार हाल केले.

कॅथरीनचा जन्म 16 डिसेंबर 1485 रोजी माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेस या गावी झाला. माहेरचे नाव कातालिना. आई कॅस्टाइलची राणी इझाबेला, बाप ॲरॅगॉनचा राजा फर्डिनंड. दोन राज्ये या लग्नाने एकत्र आली आणि आजच्या स्पेनचा पाया पडला. आई नुसती राजाची राणी नव्हती, स्वतःच्या हक्काने सिंहासनावर बसलेली होती, मोहिमांवर जात होती. बायकांना राज्य करता येते का, हा प्रश्न या शेंडेफळाला लहानपणी पडायचे कारणच नव्हते. 1492 च्या जानेवारीत ग्रॅनाडा पडले आणि सहा वर्षांची कॅथरीन आईवडिलांबरोबर अल्हाम्ब्राच्या महालात राहायला गेली. त्याच वर्षी याच आईने कोलंबसला जहाजे दिली. डाळिंब हे ग्रॅनाडाचे चिन्ह. पुढे कॅथरीनने तेच स्वतःचे चिन्ह म्हणून घेतले.

इझाबेलाला स्वतःला लॅटिन मोठेपणी शिकावे लागले होते, म्हणून तिने मुलींना लहानपणापासून उत्तम शिक्षक ठेवले. शिवाय सूत काढणे, शिवणे, भरतकाम हेही आलेच. या शिवणाकडे लक्ष ठेवा, ते पुढे येणार आहे.

तिकडे इंग्लंडमध्ये तिच्या जन्माच्याच वर्षी, 1485 मध्ये, सातवा हेन्री लढाईत जिंकून गादीवर आला होता. ट्यूडर घराणे नवे, हक्क पातळ. युरोपातल्या जुन्या घराण्यांनी आपल्याला सोयरे मानावे ही त्याची धडपड होती. गंमत अशी की कॅथरीनची पणजी इंग्लंडच्या लँकेस्टर घराण्यातली होती आणि तिच्याच नावावरून हिचे नाव ठेवलेले. म्हणजे येणाऱ्या सुनेच्या अंगात सासऱ्यापेक्षा निखळ इंग्लिश राजरक्त होते. 1489 च्या करारात कॅथरीनचे लग्न थोरला राजपुत्र आर्थर याच्याशी ठरले. नवरी तीन वर्षांची, नवरा अडीच. लग्नाआधी इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगू शकेल असा कोणी उरू नये म्हणून 1499 मध्ये वॉरिकचा तरुण अर्ल, जो लहानपणापासून कैदेतच वाढला होता, त्याचा शिरच्छेद झाला. त्याची बहीण मार्गारेट पोल पुढे कॅथरीनची जिवलग मैत्रीण आणि तिच्या मुलीची सांभाळकर्ती झाली. कॅथरीनने हे ऋण कायम मनात ठेवले.

1501 मध्ये ती निघाली. बिस्केच्या उपसागरात वादळ लागले, जहाजे परत फिरली, पुन्हा निघाली, आणि 2 ऑक्टोबरला ती प्लिमथला उतरली. आईचे तोंड तिला पुन्हा दिसले नाही. आर्थर आणि ती एकमेकांना लॅटिनमध्ये पत्रे लिहीत असत, पण समोरासमोर आल्यावर एकाचे लॅटिन दुसऱ्याला कळेना, कारण उच्चार वेगळे. आपल्याकडच्या दोन टोकांच्या दोन शास्त्रीबुवांनी संस्कृतात बोलायला बसावे तसे झाले. 14 नोव्हेंबरला लंडनच्या जुन्या सेंट पॉल्समध्ये लग्न लागले. नवरीला मिरवत आत नेणारा होता तिचा दहा वर्षांचा धाकटा दीर, हेन्री.

पाच महिन्यांच्या आत आर्थर गेला. वेल्सच्या सीमेवरच्या लडलोच्या किल्ल्यात दोघेही आजारी पडले, ती वाचली. सोळाव्या वर्षी विधवा, परक्या मुलखात, भाषा धड येत नाही.

आणि इथे हुंडा आला. ठरलेल्या दोन लाख क्राउनपैकी निम्मे दिले होते, निम्मे बाकी. सासऱ्याला घेतलेले परत करायचे नव्हते आणि उरलेलेही हवे होते. बापाला उरलेले द्यायचे नव्हते आणि दिलेले बुडू द्यायचे नव्हते. मधल्या काळात सासूबाई वारल्या तेव्हा सासरेबुवांनी स्वतःच सुनेशी लग्न करण्याचा विचार करून पाहिला. इझाबेलाने तो झिडकारला. मग धाकट्या दिराशी ठरवले. भावजयीशी लग्न करायला पोपची परवानगी लागते, ती पोप दुसरा ज्युलियस याच्याकडून मिळवली. पुढे 1504 मध्ये इझाबेला वारली, कॅस्टाइल बापाच्या हातून निसटू लागले, आणि या मुलीचा बाजारभाव घसरला. शब्द कडू आहे, पण दोन्ही राजांचा पत्रव्यवहार त्याच भाषेतला आहे. 1505 मध्ये चौदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर मुलाकडून हे लग्न मला मान्य नाही असे गुपचूप लिहवून घेतले गेले. कॅथरीनला हे बरेच दिवस ठाऊक नव्हते.

सात वर्षे ती लंडनमध्ये अशी लटकत राहिली. नोकरांचे पगार थकले, कपडे विरले, चांदीची भांडी विकून घर चालवले. बापाला ती पत्रांमागून पत्रे लिहीत होती. 1507 मध्ये बापाने पैशांऐवजी तिला आपली वकील म्हणून इंग्लंडच्या दरबारात नेमले. युरोपच्या इतिहासात बाईला मिळालेली ही बहुधा पहिलीच वकिली. एकविसाव्या वर्षी ती सासऱ्याशी वाटाघाटी करायला बसू लागली, तहाची भाषा शिकली, सांकेतिक लिपी शिकली. मला वाटते, पुढे जी कॅथरीन दिसते ती या सात वर्षांत घडली. घासाघीस कशी करतात, आणि कशाची करायची नाही, हे तिला इथे कळले.

1509 च्या एप्रिलमध्ये सासरा गेला आणि अठरा पुरे न झालेल्या नव्या राजाने दीड महिन्यात तिच्याशी लग्न केले. ती तेविशीची. 24 जूनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दोघांचा राज्याभिषेक झाला. हेन्री तेव्हा देखणा, उंचापुरा, गाणे-बजावणे करणारा, विद्वानांत बसणारा तरुण होता. पुढचा तो लठ्ठ, संशयी हेन्री डोळ्यांसमोरून थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. पहिली काही वर्षे हा संसार सुखाचा होता, यात शंका नाही.

1513 मध्ये हेन्री फ्रान्सवर चालून गेला आणि राज्य तिच्या हाती देऊन गेला. संधी साधून स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स, म्हणजे तिच्या नणंदेचा नवरा, सीमा ओलांडून आला. कॅथरीनने सैन्य, तोफा, रसद यांची जमवाजमव केली, सत्तरीचा अर्ल ऑफ सरे पुढे पाठवला आणि स्वतः राखीव फौज घेऊन उत्तरेच्या वाटेला लागली. 9 सप्टेंबरला फ्लॉडनच्या मैदानात जेम्स आणि त्याचे असंख्य सरदार मारले गेले. कॅथरीनने जेम्सचा रक्ताळलेला अंगरखा हेन्रीला फ्रान्समध्ये भेट म्हणून पाठवला आणि कळवले की प्रेतच पाठवणार होते, पण इंग्रज माणसांना ते सोसवले नसते. इझाबेलाची लेक बोलली! हे वाचून मी जरा दचकले, खरे सांगते. सोशिक, देवभोळी, टाकलेली बायको एवढीच तिची ओळख धरून आपण चाललेलो असतो. तो अंगरखा मात्र लक्षात राहू द्या.

घरात मात्र पाळणा हलत नव्हता; किंवा हलून थांबत होता. 1510 मध्ये मृत मुलगी जन्मली. 1511 च्या पहिल्या दिवशी मुलगा झाला, लंडनभर होळ्या पेटल्या, आणि बावन्नाव्या दिवशी तो गेला. आणखी मुलगे गेले. 18 फेब्रुवारी 1516 रोजी मेरी झाली आणि ती जगली. 1518 मध्ये आणखी एक मुलगी मृत जन्मली, त्यानंतर काही नाही. मेरीच्या शिक्षणात कॅथरीनने जीव ओतला. स्पॅनिश विद्वान व्हिवेस याने स्त्रियांच्या शिक्षणावर लिहिलेला ग्रंथ तिलाच अर्पण केला आहे. आपल्या आईने राज्य केले, मग आपली मुलगी का नाही करणार, हा तिचा सरळ हिशेब. हेन्रीचा हिशेब वेगळा होता. बापाने लढून मिळवलेली गादी मुलीच्या हाती गेली तर पुन्हा यादवी होईल, ही त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. तेवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

1527 च्या सुमारास दोन गोष्टी एकदम झाल्या. हेन्रीला ॲन बोलिन हवी झाली, आणि बायबलातील लेवीय या पुस्तकातले, भावाच्या बायकोशी लग्न करणारा निःसंतान राहतो, हे वचन त्याला सापडले. त्याच बायबलात वारलेल्या भावाच्या बायकोशी लग्न करावे असेही दुसरीकडे सांगितले आहे, पण ते त्याला नको होते. त्याचे म्हणणे, पोपला ही परवानगी देण्याचा अधिकारच नव्हता, लग्न मुळातच रद्द. कॅथरीनचे म्हणणे, आर्थरशी माझा संबंध आलाच नव्हता, मी कुमारिका म्हणून हेन्रीकडे आले आणि हे त्याला माहीत आहे. पोप सातवा क्लेमेंट मध्ये सापडला. त्याच वर्षी मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले होते, आणि चार्ल्स हा कॅथरीनच्या बहिणीचा मुलगा. भाच्याच्या मुठीत असलेला पोप मावशीचे लग्न मोडणार कसा?

पोपचा दूत कार्डिनल कँपेज्जो 1528 मध्ये आला आणि त्याने सगळ्यांच्या सोयीची वाट सुचवली. कॅथरीनने मठात जावे. मान राहील, उत्पन्न राहील, मेरीचा वारसा बहुधा राहील, राजा मोकळा होईल, पोप सुटेल. ती नाही म्हणाली.

या नकारापाशी मी पुष्कळ वेळा थांबले. आपल्या घरांतून अशी तडजोड बायकांनी किती वेळा केली असेल! आणि ती करणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. पण कॅथरीनपुढचा पेच असा होता की मठात जाणे म्हणजे वीस वर्षे आपण राजाची रखेली होतो आणि मेरी अनौरस आहे, हे निदान अर्धे कबूल करणे. तिला ते खोटे वाटत होते, आणि खोट्यावर सही करायची नाही, एवढेच तिचे म्हणणे.

21 जून 1529 रोजी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्समध्ये न्यायासन बसले. राजाराणी दोघांनाही समन्स, जे इंग्लंडने कधी पाहिले नव्हते. तिचे नाव पुकारताच ती न्यायाधीशांकडे न जाता दालन ओलांडून हेन्रीपाशी गेली आणि गुडघे टेकले. मोडक्या इंग्रजीत, स्पॅनिश हेलात, ती नवऱ्याशी बोलली: मी परकी, माझे इथे कोणी नाही, वीस वर्षे तुमची बायको म्हणून राहिले, मुले झाली ती देवाने नेली, मी कशी आले होते ते तुमच्या मनाला विचारा. हेन्री गप्प राहिला. ती उठली, वाकून नमस्कार केला आणि दाराकडे चालू लागली. पुकारा पुन्हा पुन्हा झाला. ती वळली नाही.

शिवणाचे सांगते. इतके होऊनही हेन्रीचे सदरे तीच शिवत होती. 1530 मध्ये ॲनला ते कळले आणि महालात मोठे भांडण झाले. मी यात लाचारी पाहत नाही. बायको मी आहे, तर सदरे मी शिवणार, असा तो दावाच होता.

1531 च्या जुलैत हेन्री विंडसरहून निरोप न घेता निघून गेला. नंतर तिला मेरीपासून तोडले. मायलेकींची भेट पुन्हा झालीच नाही. एकेक वस्तू मागितली जाऊ लागली. ॲनसाठी दागिने मागवले, तेव्हा राजाची लेखी आज्ञा आल्याखेरीज तिने दिले नाहीत. ॲनच्या बाळासाठी तिने माहेरून आणलेले बारशाचे वस्त्र मागवले, ते तिने दिलेच नाही. 1533 च्या मे महिन्यात आर्चबिशप क्रॅनमरने लग्न रद्द ठरवले आणि तिला युवराजाची विधवा हा किताब दिला. कागद समोर ठेवला गेला तेव्हा तिने लेखणीने तो किताब जिथे जिथे आला तिथे तिथे खोडला. त्याच वर्षअखेरीस ड्यूक ऑफ सफोक तिला बकडनहून हलवायला आला. तिने खोलीचे दार आतून लावून घेतले. दार मोडून न्यायचे तर न्या. बाहेर गावकरी कोयते-दाताळी घेऊन नुसते उभे राहिले. ड्यूक हात हलवीत परत गेला. 1534 च्या मार्चमध्ये पोपने निकाल दिला, लग्न वैध. सात वर्षे उशीर झाला होता. निकालाचा उपयोग शून्य.

शेवटची दीड-पावणेदोन वर्षे किंबोल्टनच्या दमट वाड्यात गेली. विषाच्या भीतीने जेवण तिच्या खोलीतल्या शेकोटीवर, तिच्या डोळ्यांदेखत शिजत असे. मेरी आजारी पडली तेव्हा माझ्या हाताने तिची शुश्रूषा करू द्या असे तिने विनवले. परवानगी मिळाली नाही. 1535 मध्ये तिच्या बाजूचे बिशप फिशर आणि टॉमस मोर यांची डोकी उडाली. चार्ल्सचा वकील शापुई तिला बंड करा म्हणून सुचवत होता; हेन्रीविरुद्ध शस्त्र उचलायला ती तयार नव्हती. मात्र मरणाआधी तिने शापुईजवळ एक शंका बोलून दाखवली: आपल्या हट्टामुळे तर इंग्लंडवर हे सारे ओढवले नाही ना, या माणसांचे मरण आपल्या माथी तर नाही ना? त्याने तिची समजूत घातली. ती कितपत पटली कोण जाणे. मला विचाराल तर मान उडवण्याचा हुकूम देणाऱ्याचा दोष नकार देणाऱ्याच्या पदरी टाकता येत नाही. पण ज्या बाईने कधी माघार घेतली नाही तिला शेवटी हा प्रश्न पडला, म्हणून ती मला जास्त जवळची वाटते.

1536 च्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी एक बाई घोड्यावरून पडल्याचा बहाणा करीत, चिखलाने माखलेली, परवान्याशिवाय वाड्यात घुसली. मरिआ द सालिनास. स्पेनहून आलेली तिची जुनी मैत्रीण, जिने इथेच लग्न करून संसार केला होता. 7 जानेवारीला कॅथरीन गेली तेव्हा ती तिच्याजवळ होती. शालेय मैत्रीच्या स्मरणिकेत मरिआचे नाव यायलाच हवे होते.

लंडनला बातमी पोचल्यावर हेन्री पिवळे कपडे घालून नाचला. 29 जानेवारीला जवळच्याच पीटरबरोच्या मठात दफन झाले, राणी म्हणून नव्हे, युवराजाची विधवा म्हणून. मेरीला येऊ दिले नाही. त्याच दिवशी ॲनचा गर्भपात झाला, आणि 19 मे रोजी तिचे डोके उडाले.

पीटरबरोचे ते देऊळ 1118 मध्ये बांधायला घेतलेले. दर्शनी भागाला तीन प्रचंड कमानी, आत तेराव्या शतकातले रंगवलेले लाकडी छत, आणि पूर्वेच्या टोकाला पंख्यासारख्या दगडी शिरा उलगडत जाणारे घुमटाकार छत. ते कॅथरीन इंग्लंडला आली त्या सुमाराचे. हेन्रीने देशातले मठ मोडले तेव्हा हाही मोडला, पण इमारत वाचली आणि 1541 मध्ये कॅथीड्रल झाली. कॅथरीनच्या थडग्यामुळे त्याने ती राखली अशी वदंता आहे.

मुलासाठी एवढा आटापिटा केला तो मुलगा, सहावा एडवर्ड, हेन्रीला तिसऱ्या बायकोपासून झाला आणि पंधराव्या वर्षी वारला. मग 1553 मध्ये मेरी राणी झाली. पहिल्याच पार्लमेंटमध्ये तिने आईचे लग्न वैध ठरवून घेतले. त्यानंतर तिने सुमारे 280 प्रोटेस्टंटांना जाळले, हेही लिहिले पाहिजे. आईचा नकार आणि लेकीची ही क्रूरता एकाच धाग्यातली की नाही, यावर मी घरात वाद घातले आहेत. आईकडे दुःख होते पण सूड नव्हता, एवढे मी म्हणते. आपल्याला आईशेजारी पुरावे ही मेरीची इच्छा मृत्युपत्रात होती. ती आज वेस्टमिन्स्टरमध्ये ॲनच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या, थडग्यात आहे.

आणि तो अंगरखा! 1587 मध्ये पीटरबरोपासून जवळच फॉदरिंगेच्या किल्ल्यात स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला. ती फ्लॉडनला पडलेल्या चौथ्या जेम्सची नात. तिलाही याच देवळात पुरले, कॅथरीन उत्तरेच्या बाजूला तर ही समोर दक्षिणेला. दोन्ही राण्यांच्या कबरी खणणारा माणूस एकच, म्हातारा रॉबर्ट स्कार्लेट, असे तिथे सांगतात. 1594 मध्ये तो 98 वर्षांचा होऊन वारला. त्याचे चित्र, हाती फावडे, आजही आत शिरल्यावर भिंतीवर दिसते. 1603 मध्ये ट्यूडर घराणे संपले आणि इंग्लंडची गादी या मेरीच्या मुलाकडे गेली. 1612 मध्ये त्याने आईला वेस्टमिन्स्टरला नेले. कॅथरीन एकटी उरली.

1643 मध्ये क्रॉमवेलच्या सैनिकांनी देवळातल्या रंगीत काचा फोडल्या, कॅथरीनचे थडगे उद्ध्वस्त केले. अडीचशे वर्षे तशीच गेली. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या एका धर्मगुरूच्या पत्नीने, तिचेही नाव कॅथरीन, आवाहन केले की देशातल्या सगळ्या कॅथरीन नावाच्या बायकांनी वर्गणी द्यावी. त्या पैशांतून 1895 मध्ये नवी शिळा बसली. विसाव्या शतकात वर सोनेरी अक्षरे लागली, त्यांत तिचा किताब युवराजाची विधवा नाही, इंग्लंडची राणी असा आहे. जानेवारीच्या अखेरीस तिथे दरवर्षी प्रार्थना होते, आणि लोक शिळेवर डाळिंबे ठेवून जातात.